दोन प्रश्न, एक गल्ला: प्रतिस्थापन पद्धत दुकानात कशी वापरायची



या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावरचे आकडे जरा भरभर गेले. म्हणून इथे तेच सगळं सावकाश लिहून देते. वही-पेन घेऊन बसा. मोबाईलचा कॅल्क्युलेटर चालेल, पण आधी हाताने मांडा.

विषय आहे दोन चलांतील रेषीय समीकरणे. नाव ऐकून घाबरू नका. बालभारतीच्या दहावीच्या ‘गणित भाग १’ मध्ये हे पहिलंच प्रकरण आहे. त्यात आपण आलेख काढले, क्रेमरची पद्धत घोकली, मार्क मिळवले आणि विसरून गेलो. मीही बीबीएला होते तेव्हा हे फक्त परीक्षेपुरतं आहे असंच वाटायचं. दुकान टाकल्यावर कळलं की क्रेमर रोज लागत नाही, पण ‘एकाच्या जागी दुसरं ठेवा’ ही साधी युक्ती महिन्यातून चार वेळा तरी लागते. याच युक्तीला प्रतिस्थापन म्हणतात.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. त्यांना विचारून लिहितेय. आकडे सोपे जावेत म्हणून थोडे बदललेत.

ताई घरून फराळ करतात. दिवाळीच्या आधी एका सोसायटीच्या आवारात दोन दिवसांचं प्रदर्शन होतं, तिथे त्यांनी टेबल घेतलं. लहान बॉक्स ३५० रुपयांचा, मोठा ६०० चा. ताई घरी कढईपाशी, त्यामुळे टेबलवर मदतीला ठेवलेला एक मुलगा बसला. शनिवारी रात्री त्याने सांगितलं, “१२० बॉक्स गेले, रोख आणि यूपीआय मिळून ५२,००० जमा.” लहान किती, मोठे किती, हे लिहिलंच नव्हतं. घरातून निघताना एकूण नग मोजले होते, आणि परत आलेला माल रात्रीच दुसऱ्या ऑर्डरमध्ये भरला गेला. म्हणजे मोजायलाही काही उरलं नाही. (मोजता येत असेल तर आधी मोजा. गणित त्यानंतर.)

ताईंना लहान-मोठे वेगळे का हवे होते? कारण रविवारसाठी माल भरायचा होता. कोणते बॉक्स जास्त न्यायचे, हे त्यावर ठरणार.

आता मांडणी. लहान बॉक्सला ‘ल’ म्हणू, मोठ्याला ‘म’. आपल्याला दोन खऱ्या गोष्टी माहीत आहेत.

ल + म = १२०
३५०ल + ६००म = ५२,०००

पहिलं वाक्य नगांचं, दुसरं पैशांचं. दोन अनोळखी आकडे आहेत, म्हणून दोन वाक्यं लागतात. एका वाक्यावर भागत नाही, कारण नुसत्या १२० नगांचे लहान-मोठे कसेही पडू शकतात.

पहिलं वाक्य सोपं आहे, म्हणून तिथून सुरुवात करू. मोठे किती? एकूण १२० मधून लहान वजा केले की उरतील तेवढे. म्हणजे म = १२० – ल. ही ओळ लिहिली की अर्धं काम झालं. आता दुसऱ्या वाक्यात जिथे म दिसेल तिथे (१२० – ल) ठेवायचं. कंस विसरू नका. बॅचमध्ये दहातल्या सहा जणांचं गणित कंस न घातल्यामुळे चुकतं, कारण मग ६०० ने फक्त १२० ला गुणलं जातं आणि ल तसाच राहतो.

३५०ल + ६००(१२० – ल) = ५२,०००
३५०ल + ७२,००० – ६००ल = ५२,०००
७२,००० – २५०ल = ५२,०००
२५०ल = २०,०००
ल = ८०

म्हणजे लहान ८० आणि मोठे १२० – ८० = ४०. ताळा करा: ८० × ३५० = २८,००० आणि ४० × ६०० = २४,०००. बेरीज ५२,०००. जुळलं.

हे नुसतं क्ष आणि य चं खेळणं नाही हे पटायला मधली ओळ शब्दांत वाचा. ७२,००० म्हणजे काय? सगळे १२० बॉक्स मोठेच विकले असते तर आलेले पैसे. २५० म्हणजे काय? मोठ्याऐवजी लहान गेला की गल्ल्यात कमी पडणारी रक्कम. प्रत्यक्षात २०,००० कमी आले, म्हणजे ८० वेळा मोठ्याऐवजी लहान गेला. पूर्वीचे पेठेतले व्यापारी हेच तोंडी करायचे. समीकरण म्हणजे तोच तोंडी हिशोब कागदावर.

रविवारचा गोंधळ

खरी गोष्ट रविवारी घडली. मुलाने सांगितलं, ९६ बॉक्स गेले, ४१,९०० जमा. ताईंनी आदल्या दिवशीसारखंच मांडलं:

३५०ल + ६००(९६ – ल) = ४१,९००
५७,६०० – २५०ल = ४१,९००
२५०ल = १५,७००
ल = ६२.८

बासष्ट पूर्णांक आठ दशांश बॉक्स! फराळाचा बॉक्स पॉइंट आठ विकला जात नाही. शाळेत असं उत्तर आलं की आपण म्हणतो, माझं गणित चुकलं. ताईंनी दोनदा तपासलं. गणित बरोबर होतं. म्हणजे आकड्यांतलं काहीतरी चूक आहे.

ताईंच्या मनात लगेच आलं की मुलाने पैसे काढले. मुलगा कॉलेजचा, ओळखीतून आलेला. त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको सांगायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. त्याआधी त्यांनी मला कागदाचा फोटो पाठवला.

मी म्हटलं, ताई, ६२.८ एवढंच सांगतंय की ‘९६ नग विकले’, ‘४१,९०० आले’ आणि ‘दर ३५० व ६००’ या तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. कोणती खोटी, ते नाही सांगत. एकेक बदलून बघू.

आधी पैसे बदलून बघितले. ९६ चे ९६ विकले असतील तर ४१,९०० च्या जवळ कोणती रक्कम बसते? ४२,१०० बसते (लहान ६२, मोठे ३४) आणि ४१,८५० बसते (लहान ६३, मोठे ३३). म्हणजे एक तर २०० रुपये कमी आहेत, नाही तर ५० जास्त आहेत. सुट्ट्या पैशांत किंवा कुणाला सूट देण्यात असं होऊ शकतं.

मग नग बदलून बघितले. पैसे बरोबर आहेत, पण विकलेले बॉक्स ९६ पेक्षा कमी असतील तर? ९५ धरले तर लहान ६०.४ येतात, नाही जमत. ९४ धरले तर:

६०० × ९४ = ५६,४००
५६,४०० – ४१,९०० = १४,५००
१४,५०० ÷ २५० = ५८

लहान ५८, मोठे ३६. स्वच्छ पूर्णांक. म्हणजे ९६ बॉक्स टेबलवरून गेले खरे, पण पैसे ९४ चेच आले, हीही एक शक्यता.

आता ताईंकडे मुलाला विचारायला नेमका प्रश्न होता. “पैसे कुठे गेले?” असं विचारायची गरज राहिली नाही. त्यांनी विचारलं, “दोन बॉक्स असेच कुणाला दिले का रे?” तो लगेच म्हणाला, “हो, एक लहान फोडला ना चव द्यायला. आणि एक सोसायटीच्या वॉचमनकाकांना दिला, टेबल लावायला मदत केली त्यांनी. तुम्हीच म्हणाला होतात द्यायला.” ताई म्हणाल्या होत्या. शनिवारी. विसरल्या.

मुलगा अजून त्यांच्याकडेच आहे.

या गणिताची मर्यादाही सांगते, नाही तर तुम्ही गल्ल्यावर निर्धास्त झोपाल. समजा कुणी बरोबर २५० रुपये काढले. मग समीकरणाला काहीच कळणार नाही. ते शांतपणे एक मोठा कमी आणि एक लहान जास्त दाखवेल, उत्तर पूर्णांकातच येईल. दोन दरांतला फरक जेवढा, त्याच्या पटीत गेलेले पैसे ही पद्धत पकडत नाही. म्हणून टेबलवर दोन रकान्यांचा कागद ठेवा आणि प्रत्येक विक्रीला रेघ मारा. दोन रुपयांचा कागद आहे, पण समीकरणापेक्षा जास्त पकडतो.

आठशे वर्षांपूर्वीची युक्ती

ल आणि म अशी पहिली अक्षरं घेतली म्हणून बॅचमध्ये कुणीतरी हसलं. म्हणून सांगते, भास्कराचार्यही हेच करायचे. त्यांचा जन्म १११४ चा, आणि ‘बीजगणित’ हा ग्रंथ साधारण ११५० चा. अज्ञात संख्यांना त्यांनी ‘यावत्तावत्’ आणि मग काळा, निळा अशा रंगांची नावं दिली. लिहिताना फक्त पहिलं अक्षर: या, का, नी. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. थोडक्यात, खानदेशात तेव्हा गणिताचा क्लास होता.

त्यांचं एक उदाहरण आपल्या कामाचं आहे. दोन मित्र. पहिला म्हणतो, तू मला १०० दिलेस तर माझ्याकडे तुझ्या दुप्पट पैसे होतील. दुसरा म्हणतो, तूच मला १० दे, मग माझ्याकडे तुझ्या सहापट होतील. कुणाकडे किती?

आपण पहिल्याला प, दुसऱ्याला द म्हणू. पहिल्या वाक्यावरून प + १०० = २(द – १००), म्हणजे प = २द – ३००. हे दुसऱ्या वाक्यात ठेवा: द + १० = ६(प – १०). सोडवलं की द = १७०, प = ४०.

भास्कराचार्यांनी मात्र अजून हुशारी केली. दोन अज्ञात घेतलेच नाहीत. देवाणघेवाण झाल्यावर दुसऱ्याकडे जेवढे उरतील त्याला ‘या’ म्हटलं. मग आधी दुसऱ्याकडे या + १०० होते, आणि पहिल्याकडे २या – १००. पहिली अट सुरुवातीलाच आत बसवून टाकली! आता दुसरी अट तेवढी लावायची: या + ११० = ६(२या – ११०). म्हणजे ११या = ७७०, या = ७०. पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०. तेच उत्तर.

हे मी का सांगतेय? कारण कशाला नाव द्यायचं, हे ठरवण्यात निम्मी मेहनत वाचते. ताईंच्या उदाहरणात सुरुवातीलाच ‘लहान ल, मोठे १२० वजा ल’ असं लिहिलं असतं, तर दुसरं अक्षर लागलंच नसतं.

गाळा कोणता घ्यायचा

आता सगळ्यांत जास्त पैसे वाचवणारा उपयोग. पुण्यात गाळा शोधताना कधी कधी दोन प्रकारचे मालक भेटतात. एक म्हणतो, महिना ३०,००० द्या आणि विषय संपवा. दुसरा म्हणतो, १२,००० द्या आणि वर विक्रीच्या ६ टक्के. (आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या भागातले घाला.) ऐकताना १२,००० वाला स्वस्त वाटतो. खरंच आहे का?

भाड्याला भा, महिन्याच्या विक्रीला वि म्हणू.

भा = ३०,०००
भा = १२,००० + ०.०६वि

दुसऱ्या वाक्यात भा च्या जागी ३०,००० ठेवा. ३०,००० = १२,००० + ०.०६वि, म्हणून ०.०६वि = १८,००० आणि वि = ३,००,०००. महिन्याला तीन लाखांच्या खाली विक्री असेल तर टक्केवारीवाला स्वस्त, वर गेली तर ठरावीक भाडंवाला.

इथे बरेच जण थांबतात, आणि तिथेच घोटाळा होतो. आपली विक्री दर महिन्याला सारखी थोडीच असते? समजा दहा महिने २ लाख आणि गणपती ते दिवाळी हे दोन महिने ६ लाख. वर्षाची विक्री ३२ लाख, सरासरी २ लाख ६७ हजारांच्या आसपास. तीन लाखांच्या खाली, म्हणजे टक्केवारीवाला स्वस्त. ताळा: दहा महिन्यांचे २४,००० प्रमाणे २,४०,०००, दोन महिन्यांचे ४८,००० प्रमाणे ९६,०००. एकूण ३,३६,०००. ठरावीकवाल्याकडे ३,६०,००० गेले असते. पण सीझनला ६ ऐवजी ९ लाख झाले तर वर्षाची विक्री ३८ लाख, सरासरी तीन लाखांच्या वर, आणि टक्केवारीवाला ३,७२,००० ला पडतो. वर्षभराचं एकूण भाडं बघायचं असेल तर सरासरीवर निर्णय घेतलेला चालतो, कारण दोन्ही हिशोब सरळ रेषेतले आहेत. टक्केवारी टप्प्याटप्प्याने वाढत असेल, म्हणजे पहिल्या दोन लाखांवर ४ आणि पुढे ७ वगैरे, तर मात्र महिना-महिना मांडा.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष असणाऱ्याने टक्केवारीवाला गाळा घ्यावा, वर्षाला थोडे जास्त गेले तरी. नवीन दुकानात दोन महिने गिऱ्हाईक फिरकत नाही, तेव्हा ३०,००० खिशातून भरणं आणि पंधरा-सोळा हजार भरणं यात झोपेचा फरक आहे. मात्र मालक तुमची बिलं तपासणार, हे आधीच मान्य करा. विक्री कशी मोजायची, परत आलेला माल धरायचा की नाही, जीएसटीसकट की वगळून, हे करारात लिहून घ्या.

बिल तपासायला

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालावरून गेले आणि मुख्यतः ५ आणि १८ उरले. किराणा-जनरल दुकानदारांसाठी हे बरं झालं, कारण एका बिलात साधारण दोनच दर येतात. उदाहरणार्थ शाम्पू, टूथपेस्ट ५ टक्क्यांत, कपडे धुण्याची पावडर १८ मध्ये.

समजा होलसेलवाल्याचं बिल आलं: कराआधीचा माल ४०,०००, कर ३,९५०. कोणता माल कोणत्या दरात टाकलाय, हे पटकन बघायचंय. १८ टक्केवाल्या मालाला अ म्हणा, मग ५ टक्केवाला ४०,००० – अ.

०.०५(४०,००० – अ) + ०.१८अ = ३,९५०
२,००० + ०.१३अ = ३,९५०
अ = १५,०००

म्हणजे १८ टक्क्यांचा माल १५,००० चा. तुमच्या ऑर्डरीत पावडर वगैरे दहा हजारांचीच असेल, तर पाच हजारांचा माल चुकून वरच्या दरात लागलाय. फोन करा, बिल दुरुस्त करून घ्या. दोन मिनिटांचं काम.

दोन वाक्यं असून उत्तर न येणं

शेवटची गोष्ट, कारण बॅचमध्ये हे हमखास विचारतात. गिफ्ट हॅम्परसाठी तुम्ही सुक्यामेव्याचे दर काढताय. एक व्यापारी वेगळे दर सांगत नाही, म्हणतो, “काजू-बदाम एकेक किलो मिळून १,७००.” तुम्ही पुन्हा विचारता, तर म्हणतो, “पाच-पाच किलो घ्या, ८,५००.”

का + ब = १,७००
५का + ५ब = ८,५००

ब = १,७०० – का, ते दुसऱ्यात ठेवा: ५का + ८,५०० – ५का = ८,५००. का उडून गेला! उरलं ८,५०० = ८,५००. खरं आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. व्यापाऱ्याने तेच वाक्य पाचपट करून ऐकवलं. काजूचा दर तुम्हाला अजूनही माहीत नाही. त्याला वेगळं मिश्रण विचारा: दोन किलो काजू आणि एक किलो बदाम. तो २,६०० म्हणाला, की काजू ९०० आणि बदाम ८०० हे लगेच सुटतं.

आणि तो पाच-पाच किलोला ८,२०० म्हणाला असता तर? मग ८,५०० = ८,२०० असं निघालं असतं, जे अशक्य आहे. याचा अर्थ व्यापारी खोटं बोलतोय असा नाही. जास्त मालाला दर खाली येतोय, म्हणजे ३०० रुपयांची सूट आहे. आपण दर कायम धरला, तो कायम नाही. अशा वेळी समीकरण सोडा आणि घासाघीस सुरू करा.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. एका टपरीवर चहा १२ रुपये, कॉफी २०. सोमवारी २१० कप गेले आणि ३,०८० रुपये जमा झाले. मंगळवारी १८५ कप गेले आणि २,७५० जमा झाले. दोन्ही दिवसांचे चहा-कॉफी वेगळे काढा. एका दिवसाचा हिशोब बसणार नाही. तो कोणता ते ओळखा, आणि टपरीवरच्या पोराला कोणता एक प्रश्न विचाराल, तो लिहा.